हिवाळ्यापूर्वी घराची निगा : आधी डागडुजी, मग रंगरंगोटी

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. घर बांधावयास निघालेल्या माणसाच्या अंगावर काय काय येते, हे ती थोडक्यात सांगून जाते. परंतु बांधलेले घर पुढे वर्षानुवर्षे राखावयाचे कसे, याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. शेतकरी आपल्या बैलाच्या खुराकडे रोज पाहतो, पंपाचा आवाज जरा बदलला तरी त्याच्या ध्यानात येते, नांगराचा फाळ झिजला की तो लोहाराकडे जातो. ज्या घराच्या आश्रयाने माणसे, जनावरे आणि वर्षाचे धान्य राहते, ते घर मात्र आज उभे आहे म्हणजे उद्याही उभे राहील, असे तो धरून चालतो. ही समजूत घातक आहे.

पाऊस सरल्यानंतर आणि कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी जे दोन-तीन आठवडे मिळतात, ते घराच्या वार्षिक तपासणीसाठी व डागडुजीसाठी राखून ठेविले पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिवाळीच्या साफसफाईत हे काम आपोआप होते, असे पुष्कळांना वाटते. ते होत नाही. उलट डागडुजीपूर्वीच चुन्याचा हात फिरविल्यास घराचे दोष झाकले जातात आणि पुढील पावसाळ्यापर्यंत त्यांची आठवणही राहत नाही.

पावसाचा हिशेब भिंतीवर लिहिलेला असतो

महाराष्ट्रातून नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो. त्यानंतरच्या दिवसांत कोणाच्याही घरात जाऊन डोळे उघडे ठेवून पाहावे. चार महिन्यांच्या पावसाने घराच्या ज्या ज्या ठिकाणी घाव घातला असेल, ते ठिकाण स्वतःच बोलू लागते. छपरातून पाणी जेथे आले, तेथे भिंतीवर तपकिरी ओघळ उमटलेला असतो. जोत्यापाशी पाणी साचत राहिले असेल, तर भिंतीच्या खालच्या हातभर भागाला लोणा लागलेला असतो व बोट लावताच पोपडा गळून पडतो. वाशाच्या टोकाशी मातीची बारीक नळी दिसली, तर वाळवी वर चढली आहे असे समजावे. तुळई भिंतीत जेथे शिरते तेथे लाकूड काळे पडले असल्यास सुरीचे टोक टोचून पाहावे. टोक सहज आत गेले, तर तेथील लाकूड कुजले आहे.

हे सर्व पुरावे आश्विनात ताजे असतात. दिवाळीच्या आठवड्यात घाईघाईने चुना किंवा रंग दिला की ओघळ दिसेनासा होतो, पण छपरातील भोक तसेच राहते. मग वैशाखात शाकारणीला माणूस लावला, म्हणजे 'कोठे गळत होते' याचे उत्तर घरातील कोणालाच नीट देता येत नाही. अंदाजाने चार कौले इकडची तिकडे होतात, मजुरी जाते आणि मृगाच्या पहिल्या सरीला पूर्वीच्याच जागी भांडे ठेवावे लागते.

यावर एक साधा उपाय आहे. चुन्याला हात लावण्यापूर्वी घरातील जाणत्या माणसाने एक वही घेऊन घराला आतून व बाहेरून एक फेरी मारावी. जेथे गळले, जेथे ओल आली, जेथे भेग पडली, ती जागा 'माजघर, पूर्वेची भिंत, दारापासून तीन हात' अशा साध्या शब्दांत लिहून ठेवावी. शाळेत जाणारे मूल हे काम आनंदाने करील. आज करावयाची कामे कोणती आणि उन्हाळ्यात करावयाची कोणती, याची निवड या यादीवरून करता येते.

'ही कामे उन्हाळ्यातली' असे म्हणणाऱ्यांस

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप हमखास येतो. घराची कामे आगोटीपूर्वीची, वाडवडिलांपासून ती चैत्र-वैशाखातच होत आली आहेत, असे अनुभवी शेतकरी सांगतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. छप्पर उतरवून पुन्हा घालणे, वासे बदलणे, कौले शाकारणे ही मोठी कामे उन्हाळ्यातच करावीत. परंतु मातीच्या भिंतीचा गिलावा, जोत्याची दुरुस्ती, बिळे बुजविणे आणि गोठ्याची तळजमीन ही कामे आश्विनातील उन्हात उत्तम साधतात. ऑक्टोबरचा उष्मा आपणांस नकोसा वाटतो, पण भिंत वाळविण्यास तोच उपयोगी पडतो. पुढे दव पडू लागले म्हणजे ओला गिलावा लवकर सुकत नाही. शिवाय हिवाळा कोरडाच जाईल याचीही शाश्वती नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागावर झालेली गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. फुटलेले कौल आणि सैल झालेला पत्रा जूनची वाट पाहत थांबत नाही.

मातीच्या भिंतीस गिलावा करावयाचा असेल, तर चाळलेल्या मातीत बारीक भुसा व शेण मिसळून ते मिश्रण काही दिवस भिजत घालावे व अधूनमधून तुडवावे. जुना सुटलेला पोपडा पूर्णपणे खरवडून काढावा, भिंत पाण्याने शिंपून घ्यावी आणि मगच पातळ थर द्यावा. एकाच वेळी जाड थर दिल्यास तो वाळताना तडकतो. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याची हौस अलीकडे वाढली आहे. तो दिसावयास मजबूत वाटतो. पण मातीची भिंत जमिनीतून ओल शोषते व वाऱ्याने ती बाहेर टाकते. वरून सिमेंटचे कवच बसले की ओल आतच कोंडते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि एके दिवशी ते कवच पापुद्र्यासारखे सुटून येते. मातीला मातीचा किंवा चुन्याचाच लेप मानवतो.

धाब्याचे ओझे

मराठवाडा, खानदेश व विदर्भाच्या काही भागांत मातीच्या धाब्याची किंवा माळवदाची घरे अजून पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगणे आवश्यक आहे. धाबे गळू लागले की त्यावर आणखी पांढरी माती चढवावयाची, ही त्या भागातील नेहमीची डागडुजी. गळती थांबते, पण थरावर थर साचून छपराचे ओझे वर्षानुवर्षे वाढत जाते आणि खाली दगडमातीची जुनी भिंत ते मुकाट्याने वाहत राहते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी व परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड छपरे यांमुळे हानी फार वाढली, असा त्या आपत्तीचा धडा आहे. भूकंप माणसाच्या हाती नाही, छपराचे ओझे मात्र हाती आहे. म्हणून नवा थर घालण्यापूर्वी जुना निकामी थर खरवडून खाली उतरवावा. धाब्यावरचे गवत व रोपटी मुळासकट काढावीत. पाणी वाहून जाण्यासाठी उतार व पन्हळ नीट करावे. दगडी भिंतीचे पोट बाहेर आले असेल, तर तिला नुसते लिंपून चालणार नाही. दोन्ही अंगांचे दगड आरपार जोडणारे लांब दगड जाणत्या गवंड्याकडून बसवून घ्यावेत, आणि तोपर्यंत त्या भिंतीलगत कोणाचीही खाट ठेवू नये.

पक्क्या घराच्या धन्यानेही निश्चिंत राहू नये. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेतून खेडोपाडी पुष्कळ घरकुले उभी राहिली. योजनेचे अनुदान घर बांधण्यासाठी असते. ते राखण्याचा भार घरधन्यावरच असतो. स्लॅबवर पाणी साचत असेल तर ते आतील लोखंडापर्यंत झिरपते, लोखंड गंजून फुगते आणि खालून काँक्रीटचे तुकडे सुटू लागतात. पावसानंतर स्लॅबवर चढून पाणी कोठे साचले होते याचा डाग पाहावा व भेगा वेळीच भरून घ्याव्यात. भिंतीला ओल आली असेल, तर त्या भिंतीवरील विजेच्या तारा व बटणे जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय राहू नये.

थंडी अडवावी, हवा अडवू नये

आपला प्रदेश उष्ण म्हणून ओळखला जातो, त्यामुळे थंडीची तयारी आपण मनावर घेत नाही. परंतु निफाडच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता. अशा रात्री पत्र्याच्या घरात म्हातारी माणसे व तान्ही मुले कशी काढतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. पत्रा रात्री झपाट्याने गार होतो. घरातील माणसांच्या श्वासाची व चुलीवरील वाफ त्याला लागून पाणी बनते आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडू लागतात. पत्र्याखाली थोडी पोकळी ठेवून बांबूच्या तट्ट्यांचे किंवा चटईचे छत बांधले, तर थंडी व थेंब दोन्हींचा त्रास पुष्कळ कमी होतो. हेच छत पुढे उन्हाळ्यातही कामी येते. मात्र चुलीच्या वर असे छत कदापि बांधू नये.

दाराखालची फट, झडपांच्या सांधी आणि कवाडाचे मोडके फळकूट ही दुरुस्ती अर्ध्या दिवसाची आहे. पण थंडी अडविण्याच्या भरात हवेच्या वाटा बुजवू नयेत. स्वयंपाकाला गॅस आला असला, तरी पाणी तापविण्यासाठी चूल किंवा बंब अनेक घरांत अजून पेटतो. त्याचा धूर जाण्यास वर झरोका असलाच पाहिजे. जुना झरोका काजळीने व कोळिष्टकांनी भरला असेल, तर तो आताच मोकळा करावा. सर्वांत महत्त्वाची सूचना शेगडीविषयी आहे. रात्री दारे-खिडक्या लावून घेऊन खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवणे म्हणजे मृत्यूला घरात निजावयास बोलावणे होय. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागेही होऊ देत नाही. ऊब घ्यावयाची ती निजण्यापूर्वी घ्यावी आणि शेगडी बाहेर नेऊन विझवावी. हा नियम मोडण्यास कोणतेही कारण पुरेसे नाही.

गोठा

'बैल गेला नि झोपा केला' ही म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या शेतकऱ्याला गोठ्याविषयी उपदेश करण्याची गरज पडू नये. तरीही दिवाळीच्या निमित्ताने ओसरी रंगते आणि गोठा तसाच राहतो, हे दृश्य गावोगाव दिसते. पावसाळ्यात गोठ्याच्या जमिनीत खड्डे पडतात व त्यांत मूत्र साचते. थंडीत त्या ओल्यावर बसावे लागले, तर जनावर काकडते, दूध आटते आणि वासरे आजारी पडतात. म्हणून मुरूम घालून खड्डे बुजवावेत, चोपणीने जमीन चोपावी, गव्हाणीकडून मोरीकडे उतार काढावा आणि रात्री कोरडा पालापाचोळा किंवा निरुपयोगी वैरण अंथरावी.

हिवाळ्यातील बोचरा वारा बहुधा उत्तरेकडून व पूर्वेकडून येतो. त्या अंगाला पोत्यांचे पडदे बांधावेत. सूर्यास्ताला ते सोडावेत व ऊन आले की वर बांधावेत. पडद्याच्या वर हवा खेळण्यास जागा ठेवावी, नाहीतर मूत्राचा उग्र वायू कोंडून जनावरांच्या डोळ्यांस व छातीस अपाय होतो. भिंतींच्या भेगांकडे विशेष लक्ष द्यावे. गोचिडीची मादी जनावराच्या अंगावरून खाली उतरते आणि अशा भेगांत हजारोंनी अंडी घालते. जनावराच्या अंगावरील गोचीड कितीही वेचली, तरी भेगा तशाच राहिल्या तर ती परत येते. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने आपल्या राज्यातील गोधनाची मोठी हानी केली, आणि तो रोग पसरविण्यात माश्या, डास व गोचीड यांचा हात असतो. भेगा लिंपून भिंतीला चुना देणे हे म्हणूनच शोभेचे काम नसून पशुवैद्यकाच्या सल्ल्याइतके मोलाचे काम आहे.

धान्याची खोली

खरिपाचे धान्य घरात येण्याची हीच वेळ. ज्या भिंतीला ओल आहे, तिला टेकवून पोती रचणे म्हणजे बुरशीला व किडीला आमंत्रण देणे होय. धान्य दातांखाली कट्कन फुटेपर्यंत उन्हात वाळवावे. कोठी, कणगी किंवा बळद रिकामे करून, झाडून, उन्ह दाखवून मगच भरावे. पोती फळ्यांवर ठेवावीत व भिंतीपासून हातभर जागा सोडावी.

शेते मोकळी होऊ लागली की उंदीर घराकडे वळतात आणि उंदरांच्या मागोमाग साप येतात. शिसपेन्सिल जाईल एवढे भोकही लहान उंदराला पुरते. बिळे नुसत्या मातीने बुजविली तर दुसऱ्या रात्री पुन्हा उकरली जातात. म्हणून त्यांत काचेचे व विटांचे तुकडे ठासून वरून सिमेंट भरावे. मातीच्या भिंतीवर सिमेंट नको हे खरे, पण बिळाच्या तोंडाशी ते योग्य आहे. सरपण व गोवऱ्यांची रास घराच्या भिंतीला लागून नसावी, कारण विंचवाला अशीच जागा आवडते. कोकणात विंचूदंशाने पूर्वी अनेक बालकांचे प्राण जात. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी 'प्राझोसिन' या औषधाचा उपयोग सिद्ध करून ते मृत्यू पुष्कळ कमी केले, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. दंश झाल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा, हे तर खरेच. पण भेग लिंपण्यास घमेलेभर माती पुरते, हेही विसरू नये.

वेळ आणि पैसा

या दिवसांत शेतकऱ्याला उसंत नसते, हे आम्हांस ठाऊक आहे. एकीकडे सोयाबीन, भात, बाजरीची काढणी, दुसरीकडे ज्वारी-हरभऱ्याची पेरणी. पण वर सांगितलेली बहुतेक कामे सकाळ-संध्याकाळच्या तास-दोन तासांची आहेत. शिवाय आजवर ती कोणी केली, याचाही विचार व्हावा. सारवणे, लिंपणे, पोतेरे फिरविणे हे घरातील स्त्रीच्या वाट्याचे, अशी आपली रीत. शेतात दिवसभर राबून आलेल्या गृहिणीनेच भिंतही सांभाळावी आणि घरधन्याने केवळ रंग कोणता हे ठरवावे, यात न्याय नाही आणि शहाणपणही नाही. माती तुडविणे, मुरूम वाहणे, बिळे बुजविणे, पत्र्याचे खिळे आवळणे ही पुरुषांनी अंगावर घ्यावयाची कामे आहेत.

पैशाचा क्रमही बांधून घ्यावा. पहिला रुपया छपराच्या व जोत्याच्या दुरुस्तीला, दुसरा गोठा व धान्याच्या खोलीला, तिसरा धुराच्या वाटेला, आणि उरेल तो रंगाला. रंग नको असे आमचे म्हणणे नाही. सणाला घर उजळलेच पाहिजे, आणि डागडुजी झालेल्या भिंतीवर चुन्याचे दोन पातळ हात दिले तर कमी खर्चात ते उजळते. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात विझवावा, गाळून घ्यावा व त्यात थोडा डिंक किंवा सरस घालावा. चुना विझताना पाणी उकळू लागते, म्हणून त्या वेळी मुलांना जवळ येऊ देऊ नये. डोळ्यात थेंब गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवावा व तडक डॉक्टरांकडे जावे.

कार्यकर्त्यांस विनंती

गावपातळीवर काम करणाऱ्या बंधुभगिनींना शेवटी एक विनंती आहे. आपण शेतकऱ्याला भेटता तेव्हा बी-बियाणे, खते, पीकविमा यांविषयी बोलता. ऑक्टोबरच्या फेरीत एकदा त्याला 'चला, घर व गोठा दाखवा' असेही म्हणावे. उपदेश करू नये. त्याच्याबरोबर फिरून ओलीच्या जागा वहीत लिहून घ्याव्यात, एवढे पुरे. ज्या घरात एकटी विधवा किंवा वृद्ध जोडपे राहते, तेथील भिंत व छप्पर गावातील तरुणांनी सावडीने नीट करून द्यावे, असा विषय ग्रामसभेत जरूर मांडावा. पेरणीसाठी सावड करणाऱ्या गावांना हे नवीन नाही. पोट बाहेर आलेली किंवा कललेली भिंत आढळल्यास ती पंचायतीच्या नजरेस लेखी आणून द्यावी.

दिवाळीला अजून अवकाश आहे. चुन्याचा डबा आणण्यापूर्वी या आठवड्यात एक सकाळ काढावी, वही व पेन्सिल घ्यावी आणि घराला एक फेरी मारावी.